पेडणेकरांचा पितृपक्ष

पेडणेकरांचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं लिहिलं तर ते कुठून आलं हे वाचणाऱ्याला कळेल, आणि काही बरं लिहिलं तर ते लिहिताना मला किती जड गेलं असेल हेही कळेल.

दादर पश्चिमेला, फुलबाजाराच्या मागच्या एका गल्लीत लेले काकूंची इमारत आहे. खाली ओळीने दुकानं, वर बिऱ्हाडं आणि दुसऱ्या मजल्यावर स्वतः काकू. कोपऱ्यावरचं दुकान पेडणेकरांचं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड, म्हणजे ज्याला सगळं दादर मॅचिंग सेंटर म्हणतं ते. त्याला लागून माझं बॅगांचं दुकान. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आलेला सगळा पैसा या दुकानात घातला. आम्ही सगळेच दुकानदार लिव्ह अँड लायसन्सवर. करार संपला की काकूंकडे जायचं, चहा प्यायचा आणि वाढलेलं भाडं कबूल करून जिना उतरायचा, अशी रीत होती. पेडणेकर सोडून सगळ्यांची.

माणूस दिसायला काही विशेष नव्हता. बुटका, पांढरा हाफ शर्ट, खिशात कात्री, केसांना काळाभोर कलप. कलप इतका काळा, की त्यांच्याच दुकानात त्याला जुळणारं कापड मिळालं नसतं. हे मी एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "करंदीकर, जेट ब्लॅक म्हणतात याला. तिसऱ्या फळीवर आहे. पाहिजे?" आणि खरोखरच काढून दाखवलं. स्वतःवर भारी खूश असायचे. लालबागच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत, मूळ गाव कणकवलीकडचं. कोणी कौतुक केलं की संकोच वगैरे काही नाही. "आता आहे ते आहे," असं म्हणून ते कौतुक ठेवून घ्यायचे. चहाच्या बाबतीत मात्र हात आखडता. माझा चहा आला की बरोबर त्याच वेळी त्यांना माझ्याशी काहीतरी बोलायचं असायचं.

त्यांची एक सवय साऱ्या गल्लीला ठाऊक होती. कुठल्याही बाईला ते दुकानात रंग पसंत करू द्यायचे नाहीत. साडीचा पदर आणि ब्लाउजपीस घेऊन तिला बाहेर फुटपाथवर आणायचे. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून दुपारी चारच्या सुमारास तिथे उन्हाचा एक पट्टा पडतो. त्या पट्ट्यात कापड धरून म्हणायचे, "ट्यूबलाइट खोटं बोलते बाई. इथे बघा." मग लांबून आलेल्या बायका चारलाच येऊ लागल्या. आपापल्या पिशव्यांतून साड्या काढून त्या पट्ट्यात रांगेने उभ्या राहायच्या. हे ऊन फक्त कोपऱ्यावर पडतं. माझ्या दुकानासमोर समोरच्या इमारतीची सावली असते, दिवसभर. बॅगेला ऊन काय करायचंय, हे मला समजतं. तरीसुद्धा चार वाजले की माझ्या पोटात दुखायला लागायचं.

पण खरं दुखणं भाड्याचं होतं. पेडणेकर 'भाडं' हा शब्द उच्चारत नसत. 'आपलं ते' म्हणायचे. "काकूंना आपलं ते पोचवून येतो." आणि त्यांचं ते कित्येक वर्षं जिथल्या तिथे होतं. कोपऱ्याची जागा, दोन बाजूंनी दर्शनी, आणि तरी माझ्याहून कमी. हे मला कळलं तेव्हा मी जेवताना बायकोला सांगितलं. मेधा केंद्र सरकारच्या नोकरीत, अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये आमचा संसार. तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "मग तू त्यांना विचारत का नाहीस, कसं जमवता म्हणून?"

विचारायचं? मी? त्यापेक्षा जास्त भाडं परवडलं.

एकदा आम्ही सगळे दुकानदार मिळून काकूंकडे गेलो. धंदा मंदावला होता, लोक घरबसल्या फोनवर वस्तू मागवत होते, तेव्हा वाढ थांबवा म्हणून सांगायचं होतं. बँकेतला माणूस म्हणून बोलायचं काम माझ्याकडे. मी विक्रीची घसरण, विजेचं बिल, सगळं मुद्देसूद मांडलं. काकू अगदी मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही किती छान समजावून सांगता हो. आमच्या अभिजितला असाच शिक्षक मिळायला हवा होता." पोहे दिले, कोथिंबीर-खोबरं घालून. भाडं ठरल्याप्रमाणे वाढलं. खाली आलो तर पेडणेकर स्टुलावर बसून फॉल मोजत होते. आमच्याबरोबर ते आलेच नव्हते. "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, "पोहे झाले."

"मालकाकडे जाऊन बसायचं नसतं करंदीकर," ते फॉलवरची नजर न काढता म्हणाले. "मालकाला आपल्याकडे आणून बसवायचं असतं."

ही त्यांची आवडती वाक्यं. अर्धं सांगायचं आणि पुढचं आपण त्यांना विचारावं म्हणून थांबायचं. मी विचारलं नाही. पण डोळे उघडे ठेवले.

त्या वर्षी गणपती गेले, पौर्णिमा झाली, पितृपक्ष लागला. पितृपक्षात आमच्या गल्लीत माशा मारायलाही माशी मिळत नाही. नवं कापड कोणी घेत नाही, नवी बॅग कोणी घेत नाही, लग्नाचं नाव कोणी काढत नाही. अशा एका दुपारी पेडणेकर वर गेले आणि काकूंना हाताला धरून खाली घेऊन आले. त्यांच्या सुनेसाठी म्हणे एक जरीचं कापड दाखवायचं होतं. काकूंना पंख्याखाली खुर्ची दिली, थंडगार कोकम सरबत दिलं. मी माझ्या दारात उभा. काकू बसल्या. कापड बघून झालं. तरी बसल्या, कारण वर जायचं म्हणजे जिना चढायचा. तेवढ्या वेळात दुकानात एकही गिऱ्हाईक आलं नाही. एक बाई आली, तिने पोस्ट ऑफिस कुठे आहे ते विचारलं. पेडणेकरांनी तिला पार रस्त्यापर्यंत जाऊन दाखवलं.

शेवटी काकूच म्हणाल्या, "पेडणेकर, कसं हो चालतं तुमचं?"

"चालतंय काकू. तुमची कृपा."

"करार संपला ना तुमचा परवा?"

"संपला वाटतं. माझ्या लक्षातच नाही बघा." जरीच्या कापडाची घडी घालत ते म्हणाले, "पण आता पितृपक्षात नवीन काही नको ना करायला? तुम्हाला चालेल का? मला नाही बाबा बरं वाटत."

"छे छे, पितृपक्षात नवीन काही नको," काकू म्हणाल्या.

"मग जुनंच पुढे चालवू. आपलं ते आहे तेच."

आणि काकू हो म्हणाल्या. मी माझ्या दारात उभा राहून हे ऐकलं आणि त्याच क्षणी सगळं माझ्या ध्यानात आलं. या माणसाचा करार दर वेळी बरोबर पितृपक्षात संपत होता. त्या पंधरवड्यात दुकान ओस, हे मालकीण डोळ्यांनी बघणार. दलाल नवा भाडेकरू आणू म्हणाला तरी आणणार कुठून, पितृपक्षात दुकान घेणारा माणूस या मुंबईत जन्माला यायचाय. आणि नवा आकडा ठरवायचा तर तो अशुभ. सगळ्या बाजूंनी दारं बंद. बँकेत इतकी वर्षं नोकरी काढली, कर्जं देताना भल्याभल्यांची चलाखी पाहिली, पण इतकी साधी आणि इतकी नामी गोष्ट मला सुचली नव्हती. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद करून घरी गेलो. मेधाला वाटलं ताप आलाय.

मग मी तेच केलं. टाळेबंदी उठल्यानंतर सगळ्यांचे करार नव्याने करायची वेळ आली. सप्टेंबर होता, पितृपक्ष चालू होता. मी काकूंना म्हटलं, आत्ताच करू, तीन वर्षांचा. काकू दचकल्या. "अहो, पितृपक्षात?"

"मी मानत नाही काकू," मी म्हणालो. "आणि तीन वर्षांनी करार संपत आला की तुम्ही खाली या. माझ्या दुकानात निवांत बसा. तुम्हीच बघा धंदा कसा आहे, मग ठरवू."

काकूंना हे फार आवडलं. सही करताना पेडणेकर तिथेच होते, साक्षीदार म्हणून. त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं, जळतोय. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्यावर जळतोय. तीन वर्षं मी त्या समाधानात काढली.

तिसऱ्या वर्षी अधिक श्रावण आला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अधिक महिना आला की त्यानंतरचे सगळे सण महिनाभर पुढे जातात. मी करार केला होता इंग्रजी तारखेवर. तारीख होती तिथेच राहिली, पितृपक्ष सरकला, आणि माझा करार संपला तो गणपतीच्या ऐन तोंडावर. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा लेले काकू माझ्या दारात उभ्या होत्या. "तुम्ही बोलावलं होतंत ना, करार संपताना येऊन बसा म्हणून," असं म्हणत त्या आत आल्या.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दादरला बॅगेच्या दुकानात काय असतं हे मी काय सांगू? निम्मं गिरणगाव कोकणात निघालेलं असतं. प्रत्येकाला बॅग हवी, चाकाची हवी, आजच हवी. काकूंना बसायला खुर्ची द्यायची तर खुर्चीवर बॅगांची चळत. एका कुटुंबाने काकूंना विक्रेती समजून किंमत विचारली. दुसऱ्याने त्यांच्या मांडीवर दोन मोठ्या बॅगा ठेवल्या आणि "मावशी, जरा बघा हां," म्हणून तो तिसरी बघायला गेला. काकू त्या बॅगांमागून माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या.

"छान चाललंय की हो तुमचं," त्या म्हणाल्या. "मी उगाच काळजी करत होते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भाडं असं वाढलं की त्यानंतर महिन्याच्या शेवटी दुकान आमचं आहे की आम्ही दुकानाचे, हे कळेनासं झालं. मेधाची निवृत्ती चार वर्षांवर आली होती. ती झाली की क्वार्टर सोडायची, घरभाडं सुरू. दोन भाडी या दुकानाला पेलणारी नव्हती. ती म्हणायची, "बंद करू या का रे?" मी हिशेबाची वही काढून बसायचो.

पेडणेकरांना मी त्याच दिवशी संध्याकाळी गाठलं. "तुम्हाला माहीत होतं. सही करताना माहीत होतं."

"होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात ना, मी मानत नाही. जो मानत नाही त्याला पंचांग काय दाखवायचं?" मग म्हणाले, "आणि तुम्ही विचारलंत कुठे? एवढी वर्षं शेजारी आहात. एकदा तरी विचारलंत?"

त्यांचा स्वतःचा करार तिथीवर असायचा. कधी तीन वर्षांना महिना कमी, कधी महिना जास्त. दुकानात वर्षानुवर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली असायची, ती का, हे मला तेव्हा कळलं.

पुढे लेले काकू गेल्या. झोपेतच गेल्या. त्यांचा मुलगा अभिजित बंगळुरूहून आला, दिवस वगैरे उरकले आणि सगळा कारभार त्याच्याकडे आला. मुलगा वाईट नव्हता. नमस्कार करायचा, काका म्हणायचा. पण एका मोठ्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला आमच्या गल्लीत दुकान हवं होतं. कोपरा आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही मिळून. म्हणजे पेडणेकरांचं आणि माझं. आमच्या करारात मालकाला महिन्याभराच्या नोटिशीवर जागा परत मागता येत होती. दलालाने मला तसं सांगूनही ठेवलं. मी घरी येऊन मेधाला म्हटलं, "तुझंच खरं. बंद करायचंय."

पेडणेकरांचा करार नेहमीप्रमाणे पितृपक्षात संपत होता. ते शांत होते. त्यांनी अभिजितला बोलावलं, पंख्याखाली त्याच खुर्चीत बसवलं, कोकम सरबत दिलं. मी माझ्या दारात, माझ्या जागी. दुकानात चिटपाखरू नव्हतं. अभिजितने फोनवर दोन कामं उरकली, सरबत संपवलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

"काका, इथे तर कोणीच येत नाही," तो म्हणाला. खरंच काळजीने म्हणाला. "मग या वयात उगाच कशाला ओढताय?"

पेडणेकरांचा चेहरा मी पाहिला. आयुष्यभर जे हत्यार वापरलं ते कोणीतरी नकळत उलटं धरून आपल्याच हातात दिल्यावर माणूस कसा दिसतो, तसे ते दिसत होते. तरी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "पितृपक्ष आहे ना, म्हणून. पितृपक्षात कोण नवी जागा घेतं?"

"कंपनीला काय त्याचं काका? त्यांना दिवाळीच्या आत उघडायचंय. म्हणजे काम याच आठवड्यात सुरू करायला हवं."

मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होतो, असं म्हटलं तरी चालेल. झाला नाही. माझंही दुकान त्यांच्या दुकानाबरोबर जात होतं म्हणून असेल. पेडणेकर उठले आणि त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं. पुढचं मला ऐकू आलं नाही.

चार दिवसांनी अभिजितने मला वर बोलावलं. मी सोडचिठ्ठीच्या तयारीने गेलो. त्याने समोर नवा करार ठेवला. माझं दुकान मलाच, पुढच्या तीन वर्षांसाठी, आणि भाडं काकू माझ्या दुकानात येऊन बसल्या त्याआधी घेत होत्या ते. गणपतीच्या आधीचं. मी विचारलं, हे कसं?

"पेडणेकर काका म्हणाले, मी कोपरा उद्या देतो. वकील नाही, कोर्ट नाही, किल्ली तुझ्या हातात. पण करंदीकरला हात लावायचा नाही, आणि भाडं त्याचं जुनंच." अभिजित हसला. "ते अडून बसले असते तर माझी दिवाळी इथेच गेली असती. कंपनीलाही नुसता कोपरा चालतोय. आणि अजून एक अट होती त्यांची. हा करार तिथीवर करायचा."

मी सही केली. खाली आलो तो डोकं भणाणलेलं. कृतज्ञता वगैरे शब्द माणसं कशी सहज वापरतात कोण जाणे. मला राग आला होता. मला माझ्या दुकानाचं भाडं एकदाही कमी करून घेता आलं नव्हतं. ते या माणसाने करून घेतलं. पितृपक्षात घेतलं, स्वतःचं दुकान जात असताना घेतलं आणि मला न विचारता घेतलं.

ते गठ्ठे बांधत होते. जेट ब्लॅक, शेवाळी, मोरपंखी, रंगानुसार सगळं लावून. मी म्हटलं, "पेडणेकर, हे तुम्ही का केलंत?"

"तुमच्यासाठी नाही केलं," ते सुतळीची गाठ मारत म्हणाले. "त्या पोराने विचारलं, काका अजून काही हवंय का. मला काही आठवेना. आता काय हवं असणार? मग तुमचं तोंड दिसलं दारात." गाठ पक्की झाली का ते ओढून पाहिलं आणि म्हणाले, "चहा मागवा."

मी चहा मागवला. त्यांनी दोन प्यायले.

सर्वपित्री अमावास्येला कंपनीच्या माणसांनी त्यांच्या फळ्या उखडल्या. दिवाळीच्या आठवड्यात तिथे पांढरे दिवे लागले, काचा लागल्या आणि लिपस्टिकच्या नळ्यांच्या रांगा लागल्या. पितृपक्षात सुरू केलेल्या त्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. गल्लीतल्या लोकांनी 'बघा, काळ बदलला' वगैरे म्हणून घेतलं.

त्याच आठवड्यात, एका दुपारी, पेडणेकर आले. बरोबर त्यांची बायको. इतक्या वर्षांत मी वहिनींना दुकानात क्वचितच पाहिलं असेल. निळी साडी, ब्लाउज अर्थातच तंतोतंत जुळणारा. दोघं जण आपल्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून शिरले. रखवालदाराने दार उघडलं. काचेतून मला सगळं दिसत होतं. काउंटरवरच्या मुलीने वहिनींच्या मनगटावर लिपस्टिकच्या दोन-तीन रेघा ओढल्या आणि आरसा पुढे केला. वहिनी लाजून हसत होत्या. पेडणेकरांनी वरच्या दिव्यांकडे एकदा तुच्छतेने पाहिलं.

"हयसर नको गो," ते बायकोला मालवणीत म्हणाले. दार उघडंच असल्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं. "भायर चल. उजेडात बघूया."

आणि बायकोचा हात धरून ते तिला फुटपाथवर घेऊन आले. चार वाजले होते. उन्हाचा पट्टा पडलेला. त्यात त्यांनी तिचं मनगट धरलं, हळूच इकडे वळवलं, तिकडे वळवलं, डोळे बारीक केले. कलप लावलेला नव्हता. केस सगळे पांढरे, उन्हात चमकत होते. मागोमाग ती मुलगी गोंधळून बाहेर आली, नळ्या हातात तशाच.

"हा नको, विटकरी मारतो," पेडणेकर तिला म्हणाले. "मधला द्या. काय किंमत असेल ती."

घासाघीस केली नाही. जाताना माझ्याकडे बघून हात वर केला आणि वहिनींना काहीतरी सांगितलं. माझ्याबद्दलच असणार. त्या हसल्या. मग दोघं फुलबाजाराच्या गर्दीत गेले. पेडणेकरांना मी नंतर पाहिलं नाही. दिवाळीनंतर ते गावी गेले, तिथेच राहिले असं कळलं.

त्या दुकानातल्या मुली आता चार वाजता गिऱ्हाइकांना मनगट धरून बाहेर आणतात आणि उन्हाच्या पट्ट्यात उभं करतात. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर त्यांना नीट सांगता येत नाही. त्या कोपऱ्याचं भाडं आता केवढं आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, पण फुटपाथवरच्या तेवढ्या जागेचं भाडं पेडणेकरांनी कधी कोणाला दिलं नव्हतं आणि कोणी मागितलंही नव्हतं. माझं दुकान चालू आहे. मी रोज चारला दारात उभा राहून बघतो. ऊन माझ्या दारापर्यंत अजूनही येत नाही.